बिननावाच्या तीन कॅसेटी

नागपुरात भंगारवाल्याकडून क्लॅरोनेटच्या किल्ल्या घेतल्या
तेव्हा वरून टाकून मिळाल्या या तीन कॅसेटी.
कागद वाळवीनं खाल्लेला.
उरला होता एक फुगलेला गाल, तोही अर्धा,
आणि एक बोट, सॅक्सोफोनच्या चावीवर.
नाव गेलं, गाव गेलं, साल गेलं.
उकंडा मास्तर म्हणाले, "नावाचं काय करता बावा?
गाल तं आपल्यासारखेच हायेत."

मग नावं आम्हीच ठेवली.
पहिलीतलं तिसरं ते 'इंजिन'.
पिठाच्या गिरणीसारखं सुरू व्हायचं.
आधी तीनदा नाही म्हणायचं,
मग पट्टा चढायचा
आणि पीठ थांबतच नसे.

दुसरीत एक संथ होतं.
मे महिन्यात, रात्री दीडला, मंगरूळचं लग्न वाजवून
टेम्पोच्या टपावर आडवं पडून यावं,
जरीचा कोट घामानं जड,
ओठ सुजलेला, मानेवर पट्ट्याचा वळ,
आणि कोणी कोणाशी बोलत नाही,
तसं.
सुदाम ढोलवाल्यानं ऐकलं, म्हणाला,
"याले पैसे भेटले नसन."
तेच त्याचं नाव पडलं.

मला ते फार आवडायचं.
सूर लागायच्या आधी त्यात त्याचा श्वास येतो,
ओली रीड जिभेवर फिरवल्याची बारीक चुळबुळ.
एवढा मोठा माणूस,
आणि थुंकी आमच्यासारखीच.

मास्तरांचा जीव मात्र तिसरीत.
मागच्या बाजूचं, शेवटचं, सगळ्यात लांब.
त्याच्या मधोमध कधीतरी मास्तरांच्याच अंगठ्यानं
लाल बटण दाबलं गेलेलं.
अकरा सेकंद चंद्रकलाबाई:
"अवो, बकरी तुरीत घुसली ना!"
मग पुन्हा तो,
डोंगर ओलांडून पार पलीकडे उतरलेला.

तिथवर तो गेला कसा?

बाईंना मास्तर त्यावरून कधी बोलले नाहीत.
पण बावीस उन्हाळे ते अकरा सेकंद शोधत राहिले.
वरात पारापाशी अडायची,
पोट्टे ओरडायचे, "फास्ट! फास्ट!"
आणि मास्तर डोळे मिटून,
तापल्या पितळेला फडकं गुंडाळून,
खालच्या सुरावरून निघायचे.
रबरबँड बांधलेली चावी जिथं अडायची
तिथं अडण्याचाच सूर करायचे.
शेलूबाजारात एक वाट, कारंज्यात दुसरी.
"असा गेला असन तो," म्हणायचे,
आणि पुढच्या लग्नात, "नाही रे. असा."
एका चौदा एप्रिलला, निळ्या गुलालात,
असं काही वाजवलं की सुदामचा ढोल थांबला.
जनरेटरही थांबला,
पण त्यातलं डिझेल संपलं होतं.

मास्तर गेले त्याला आता चार वर्षं.
परवा त्यांच्या नातवानं, प्रज्ञावंतनं,
फोनवर शोधून काढलं ते.
आता नाव आहे, गाव आहे, साल आहे.
मी वाचलं. मास्तर असते तर
पुन्हा गालच बघितला असता.
आवाज स्वच्छ, बकरीशिवाय.
खाटेवर बसून मी श्वास धरला.

तिथं तो काहीच वाजवत नाही.

अकरा सेकंद.
वाद्य तोंडातून काढलं असावं.
मागं कोणी झांज घासतंय,
कोणी खोकतं, कुठं तरी ग्लास टेकतो.
मग तो, पलीकडे उतरलेला.

"काय झालं काका?" प्रज्ञावंत म्हणाला.
त्याला काय सांगू,
की मला त्यातलं सगळ्यात आवडायचं
ते त्यात नव्हतंच,
आणि जिथं होतं तिथं कोणी टेप लावला नव्हता.
एखाद्या वरातीच्या व्हिडिओत असलं तर असेल,
नोटा उधळणाऱ्यांच्या गोंगाटाखाली.

संध्याकाळी चंद्रकलाबाईंकडे गेलो.
कान कमी झालाय त्यांचा,
दोनदा सांगावं लागलं.
तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या.
वर न बघता म्हणाल्या,
"बकरी घुसलीच होती पण."